सुनेच्या रिपोर्टमधला एक लाख



आजचा विषय आपण चारचौघींत बोलत नाही. हळदीकुंकवात नाही, महिला मंडळात नाही, कित्येकदा नवऱ्याजवळही नाही. पण आता मी साठी ओलांडली आहे, त्यामुळे लाज थोडी बाजूला ठेवायला हरकत नाही. विषय आहे गरोदरपणात लघवीला होणाऱ्या जंतुसंसर्गाचा, ज्याला आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका नुसते ‘उन्हाळी लागली’ म्हणायच्या.

गेल्या श्रावणात माझ्या सुनेला चौथा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी इतर तपासण्यांबरोबर लघवीचे कल्चर करायला सांगितले. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात जंतूचे नाव होते आणि पुढे आकडा होता, एक मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त. सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी आल्यावर सून म्हणाली, “आई, मला जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. मग गोळ्या कशाला घ्यायच्या? बाळाला लागल्या म्हणजे?”

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. दुखत नाही तर औषध नाही, हेच आपण लहानपणापासून शिकलो. पण मी बी. कॉम. झालेली बाई, आकडा दिसला की तो आला कुठून हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. लाखच का? पन्नास हजार का नाही? मुलाने मला वाचायला पुष्कळ काढून दिले. त्यातून जी हकीकत हाती आली ती तुम्हाला सांगते. ती सांगताना माझीही एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती मी ३८ वर्षे कुणाला सांगितली नव्हती.

आपल्या देशात हा आजार नवा नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये ‘मूत्रकृच्छ्र’ म्हणजे कष्टाने, वेदनेने लघवी होणे याचे वर्णन आहे. आपल्या परंपरेतही वैद्यक होते. ९व्या शतकात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ नावाचा संस्कृत वैद्यकग्रंथ लिहिला. मद्य, मांस आणि मध न वापरता उपचार कसे करावेत, हे त्याचे वैशिष्ट्य. हा ग्रंथ १९४० साली सोलापुरातून हिंदी भाषांतरासह छापला गेला. आपल्या चार दानांत आहारदानाच्या शेजारी औषधदान बसवले आहे ते उगीच नाही.

पण जुन्या वैद्यांना काय किंवा युरोपातल्या डॉक्टरांना काय, दुखणे दिसल्यावरच कळायचे. पॅरिसचे पिएर रेयर यांनी १८३९ ते १८४१ या काळात मूत्रपिंडाच्या आजारांवर तीन खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची शिस्त त्यांनी लावली. मात्र जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

पुढे १८६०च्या सुमारास लुई पाश्चर यांनी दाखवले की उकळलेली लघवी बंद चंबूत ठेवली तर नासत नाही, आणि बाहेरची धूळ आत गेली की नासते. म्हणजे नासवणारे काहीतरी बाहेरून येते, आणि लघवीत ते छान वाढते. पाणी गाळून, उकळून पिणाऱ्या आपल्या घरांत हे समजावून सांगायची फार गरज नाही. १८८१ साली मँचेस्टरचे डॉक्टर विल्यम रॉबर्ट्स यांनी ताज्या लघवीतच जंतू असलेले रुग्ण नोंदवले. १८८५ मध्ये जर्मनीत म्युनिकला थिओडोर एशेरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या शीमध्ये एक जंतू शोधला. आज आपल्या रिपोर्टमध्ये ‘ई. कोलाय’ असे जे नाव येते, त्यातला ‘ई’ म्हणजे हेच एशेरिश. हा जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो आणि तिथे सहसा त्रास देत नाही. पण बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो आणि शौचाच्या जागेपासून जवळ असतो. तो चुकून तिकडे गेला की उन्हाळी लागते. म्हणजे यात कुणाचे चारित्र्य नाही, घाणेरडेपणा नाही, नजर लागणे नाही. शरीराची रचनाच तशी आहे.

गरोदरपणात त्यात आणखी भर पडते. त्या काळात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे मूत्रपिंडाकडून खाली येणाऱ्या नळ्या सैल पडतात. वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाब देते, उजव्या बाजूला जरा जास्तच. वाहते पाणी स्वच्छ राहते आणि तुंबलेले पाणी नासते, हे आपण विहिरीवरून जाणतो. तसेच तुंबलेल्या लघवीतून जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. मग हुडहुडी भरून ताप येतो, पाठीत एका बाजूला कळा येतात, उलट्या होतात, आणि कधी कधी कळा लवकर सुरू होऊन बाळ दिवस भरायच्या आत जन्माला येते.

१९व्या शतकाअखेरीपर्यंत जंतू सापडले, पण मारायचे कसे? अंथरुणावर पडून राहणे, भरपूर पाणी, जवाचे पाणी, लघवीचा आंबटपणा कमी करणारे क्षार, एवढेच हाती होते. १८९०च्या दशकात हेक्सामीन नावाचे औषध आले, पण ते लघवी आंबट असेल तरच काम करायचे. खरा फरक पडला १९३५ नंतर, जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी सल्फा जातीचे पहिले औषध जगापुढे आणले तेव्हा. लगेच १९३६ साली लंडनच्या क्वीन शार्लट्स हॉस्पिटलमध्ये लेनर्ड कोलब्रुक यांनी ते बाळंतज्वराच्या बायकांना दिले आणि त्यांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यानंतर पेनिसिलीन आले, १९५३ साली नायट्रोफ्युरँटॉइन आले, जे आजही गरोदर बायकांना लघवीच्या संसर्गासाठी देतात.

औषधे आली, तरी एक अडचण राहिलीच. लघवीचा नमुना घेतला की बाहेरच्या त्वचेवरचे थोडे जंतू त्यात मिसळतातच. मग सापडलेले जंतू आतले की बाहेरचे? खात्री करायला डॉक्टर नळी घालून थेट मूत्राशयातून लघवी काढत. पण त्या नळीबरोबर कधी कधी बाहेरचे जंतूच आत ढकलले जात. तपासणीनेच आजार व्हायचा! १९५८ साली पॉल बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी या नळीच्या विरोधात लेखच लिहिला.

यातून वाट काढली बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड कास यांनी. बॉस्टन सिटी हॉस्पिटल म्हणजे तिथल्या शहराचे, सर्वसामान्य आणि गरीब लोकांचे हॉस्पिटल. १९५०च्या दशकात कास यांनी तिथे एक साधी गोष्ट केली. जंतू आहेत की नाहीत एवढेच न बघता त्यांनी ते मोजले. लघवीचा मोजून घेतलेला अंश ताटलीत पसरायचा, रात्रभर उबेत ठेवायचा, आणि सकाळी जंतूंचे किती ठिपके उगवले ते मोजायचे. मोजल्यावर दिसले की माणसांचे दोन गट पडतात. बहुतेकांत किरकोळ आकडा, तो बाहेरून मिसळलेला. आणि काहींत एकदम एक मिलिलिटरला एक लाखाच्या वर. मूत्रपिंडाला सूज असलेले रुग्ण जवळजवळ सगळे या वरच्या गटात होते. म्हणजे नळी घालायची गरजच उरली नाही. जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार बाटलीत धरली तरी आकडा खरे सांगतो.

मला हे वाचून कॉलेजातले ऑडिटचे तास आठवले. कीर्दीत दोन-चार रुपयांचा फरक असतोच, त्याने कुणी चोर ठरत नाही. पण लाखाचा फरक निघाला तर दुकान कितीही झोकात चाललेले असो, आत काहीतरी बिघडले आहे. सुनेच्या रिपोर्टमधला लाख तो हा.

आता तिच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. काही त्रास नसताना औषध का? हाच प्रश्न कास यांनाही पडला होता. आपल्या मोजणीत त्यांना अशा गरोदर बायका सापडल्या ज्या हसतखेळत तपासणीला येत होत्या, आणि लघवीत मात्र लाखाहून जास्त जंतू. शंभरात सहा-सात जणी अशा होत्या. त्यांना औषध द्यावे की नाही, तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. म्हणून त्यांनी काही जणींना सल्फाचे औषध दिले आणि काही जणींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के जणींना पुढे मूत्रपिंडाचा ताप आला. औषधाने ज्यांची लघवी स्वच्छ राहिली त्यांना तो जवळजवळ आलाच नाही. हे निष्कर्ष १९६०च्या सुमारास छापून आले, आणि गरोदर बाईला काही होत नसले तरी तिची लघवी तपासावी ही पद्धत जगभर रुजत गेली.

शंभरात चाळीस हे वाचून मी थांबले. त्या बॉस्टनच्या बायकांची नावे कुठे छापलेली नाहीत. कुणी धुणीभांडी करणारी असेल, कुणी परदेशातून आलेली. त्यांच्यातल्या काहींनी तो ताप अंगावर काढला, आणि म्हणून माझ्या सुनेच्या प्रश्नाला आज उत्तर आहे. रोज सामायिकाला बसताना मी आता त्यांचीही आठवण काढते.

आता माझी गोष्ट. १९८६ साल. मी सांगलीजवळ सासरी होते, पहिलटकरीण, सातवा महिना. भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. सासूबाई म्हणाल्या होत्या, “यंदा नको, पुढच्या वर्षी कर.” पण मी हट्टाने दहा दिवसांचे एकाशन धरले. दिवसातून एकदा जेवण, पाणीही तेवढ्याच वेळी. चौथ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली. कुणाला सांगितले नाही, सांगायची पद्धतच नव्हती. सहाव्या रात्री सहन होईना. सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायले.

आठव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. मलेरिया समजून गोळ्या दिल्या गेल्या. दोन दिवसांनी पाठीतली कळ उठून उभे राहू देईना, तेव्हा यांनी मिरजेला नेले. तिथे पहिल्यांदा माझी लघवी तपासली गेली आणि मूत्रपिंडाला संसर्ग झाल्याचे कळले. इंजेक्शनांनी ताप उतरला. पण माझी मुलगी दिवस भरायच्या दीड महिना आधी जन्मली. पावणेदोन किलोची होती. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. मला तिला छातीशी धरता आले नाही, काचेला हात लावून उभी राहायची.

देवाच्या कृपेने ती वाचली. आज पुण्यात नोकरी करते, दोन मुलांची आई आहे. पण मी मनात धरून बसले होते की हे सगळे त्या तांब्याभर पाण्यामुळे झाले. व्रत मोडले आणि शिक्षा मुलीला झाली. दरवर्षी पर्युषणात ती रात्र आठवायची. अडतीस वर्षे मी त्या एका तांब्याचे प्रायश्चित्त करत होते.

कास यांची हकीकत वाचली त्या दुपारी मला कळले की मी हिशोबच उलटा मांडला होता. जळजळ पाणी पिण्याच्या आधी सुरू झाली होती. जंतू कदाचित पर्वाच्याही आधीपासून आत असतील, त्रास न देता. त्या दहा दिवसांत मी माझ्या बाळासाठी जे एकच बरोबर केले, ते म्हणजे तो तांब्या. सासूबाई आज असत्या तर त्यांच्या पाया पडून सांगितले असते की तुम्ही बरोबर होता.

महिला मंडळात हे बोलले तेव्हा एक भगिनी म्हणाली, “पण वहिनी, जंतूही जीवच ना? गोळ्या घेणे म्हणजे हिंसाच.” प्रश्न प्रामाणिक होता. मी विदुषी नाही, पाठशाळेत शिकलेलेच सांगितले. हिंसेचे चार प्रकार आपण शिकलो, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला कटाक्षाने टाळायची आहे ती संकल्पी. स्वतःवर आणि आश्रितांवर आलेले संकट निवारताना होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे सुटत नाही, म्हणून तिचा विचार वेगळा केला आहे. आणि पोटातल्या जीवाइतके आश्रित दुसरे कोण? चातुर्मासाला आलेल्या माताजींनाही विचारले. त्या म्हणाल्या, “शक्तीप्रमाणे तप सांगितले आहे. गरोदर बाईची शक्ती दोघांची मिळून मोजायची.”

थोडे आजचेही सांगते, नाहीतर लेख अर्धा राहील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले की लघवीत असे जंतू सापडलेल्या प्रत्येक गरोदर बाईला, त्रास नसला तरी, सात दिवसांचे प्रतिजैविक द्यावे. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचार न घेतलेल्या अशा बायकांपैकी साधारण २.४ टक्के जणींनाच मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. कास यांच्या चाळीसपेक्षा तो कितीतरी कमी. मात्र जंतू नसलेल्या बायकांत तो ०.६ टक्केच होता. म्हणजे धोका आहेच, पण घाबरून जाण्याइतका प्रत्येकीला नाही. तपासायचे, सापडले तर उपचार घ्यायचा.

औषधांचाही इतिहास आहे, आणि तो आपल्याला शहाणे करणारा आहे. एकेकाळी टेट्रासायक्लिन सर्रास देत. नंतर कळले की गरोदरपणात घेतले तर बाळाच्या दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडतात. सल्फाची औषधे अगदी शेवटच्या दिवसांत दिली तर बाळाची कावीळ धोकादायक होऊ शकते. नायट्रोफ्युरँटॉइनही दिवस भरत आले की टाळतात. म्हणून कपाटातली जुनी पाकिटे, नणंदेला लागू पडलेली गोळी, दुकानातून विचारून आणलेली गोळी, हे गरोदर बाईने करायचे नाही. कोणत्या महिन्याला कोणते औषध, आणि आपल्या जंतूवर कोणते चालते, हे कल्चरच्या रिपोर्टवरून डॉक्टर ठरवतात.

माझ्या अनुभवातून आणि वाचनातून लेकी-सुनांसाठी एवढे सांगेन:

नेहमीच्या ‘युरीन रुटीन’ तपासणीत मुख्यतः प्रथिने, साखर आणि पेशी बघतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत एकदा ‘युरीन कल्चर’ करायचे का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, तिथेही विचारता येईल.

पाणी दिवसभर थोडे थोडे पीत राहा. सूर्यास्तानंतर पाण्याचा त्याग असेल तर गरोदरपणात काय करावे हे डॉक्टरांना आणि गुरूंना, दोघांना विचारा, मनाने ठरवू नका. धणे-जिऱ्याचे पाणी, शहाळे यांनी बरे वाटते, पण चढलेला संसर्ग त्यांनी उतरत नाही.

लघवी तुंबवू नका. प्रवासात, लग्नात, विधानात बसलेले असताना आपण तासन्तास दाबून धरतो. धुताना-पुसताना हात पुढून मागे न्या. पतिपत्नी एकत्र आल्यानंतर लघवीला जाऊन या.

जळजळ झाली तर लाजू नका, घरात सांगा. थंडी वाजून ताप, पाठीत किंवा कुशीत कळ, उलट्या यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बरे वाटले तरी गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, आणि नंतर पुन्हा कल्चर करून घ्या.

सुनेने सातही दिवस गोळ्या घेतल्या. पुढचे कल्चर स्वच्छ आले. माघ महिन्यात पूर्ण दिवसांची नात झाली, तीन किलोला थोडी कमी. तिला दुसऱ्याच क्षणी आईच्या छातीवर ठेवले, ते मी दारातून पाहिले.

त्या रात्री मी मुलीला पुण्याला फोन केला आणि तांब्याची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आई, इतकी वर्षे एकटीच का गं ठेवलीस मनात?”

तुमच्याही मनात अशी एखादी गोष्ट असेल, तर एकटीने ठेवू नका.

जय जिनेंद्र.